नवशिक्यानं काईटसर्फिंग करताना बोर्डला लीश बांधावी का?

धुळ्याच्या एका भावाने विचारलंय: जानेवारीत काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने पायाखालच्या बोर्डवरून पाण्यावर घसरायचा खेळ, शिकायला रामेश्वरमला चाललोय. पोहायला येतं, पण विहिरीतलं. समुद्रात पहिल्यांदाच उतरणार. मित्र म्हणतो बोर्डची लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवायची दोरी, आधीच घेऊन ठेव, नाहीतर पडल्यावर बोर्ड वाहून जाईल. घेऊ का? आणि जायच्या आधी इकडे हतनूर धरणाच्या पाण्यावर थोडा हात बसवता येईल का?

भाऊ, बोर्डची लीश घेऊ नका. कोणी फुकट दिली तरी लावू नका. मी अमळनेरचा. गेले चार हिवाळे सुट्या साठवून रामेश्वरमला जातोय, आणि दुसऱ्या हिवाळ्यात हीच लीश लावून पाण्यात उतरलो होतो. म्हणून नुसतं नको म्हणून थांबत नाही, सगळं सांगतो.

आधी एक घोळ मिटवू, कारण तो जिवावर बेतू शकतो. या खेळात लीश नावाच्या दोन वस्तू आहेत. एक काईटची, एक बोर्डची. काईटची लीश म्हणजे हार्नेसपासून (काईट जिला अडकवतात त्या कमरेच्या रुंद पट्ट्यापासून) काईटच्या दोरीपर्यंत जाणारी आखूड दोरी. काही बिघडलं की पोटासमोरचं क्विक रिलीज, म्हणजे काईट झटकन सोडवायची कळ, ढकलायचं. मग बार, म्हणजे काईट चालवायचा हातातला दांडा, सुटतो, काईट एकाच दोरीवर लोंबकळते आणि तिची ओढ जवळपास संपते. ही लीश कायम लावलेली हवी. ती नसेल आणि काईट सुटली, तर वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्या माणसांवर ती वीसेक मीटर दोऱ्यांसकट जाऊन पडते. तुम्हाला कुणी 'लीश नको' म्हणालं आणि तुम्ही हीच काढून ठेवली, असं होऊ देऊ नका. मी नको म्हणतोय ती दुसरी, बोर्ड आणि तुम्हाला जोडणारी.

आता ती नको का. आपल्याकडे मोटारसायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी वापरतात. ताणून ताणून आकडा अडकवताना तो हातातून निसटला की काय होतं, हे तुम्ही पाहिलं असणार. आमच्या गल्लीत एकाच्या भुवईवर ती खूण अजून आहे. बोर्डच्या लीशमध्ये तोच रबरी ताण असतो, फक्त टोकाला आकड्याच्या जागी अडीच-तीन किलोचा, कडक कडांचा, खाली चार फिन (प्लॅस्टिकच्या उभ्या पात्या) असलेला बोर्ड असतो.

तुम्ही पडता तेव्हा काईट थांबत नाही. नवशिक्याच्या हातून तर बार घट्ट धरला जातो, जो त्या क्षणी सोडायला हवा असतो. काईट खाली झेपावते आणि तुम्हाला वाऱ्यासोबत फरफटत नेते. बोर्ड मात्र पाण्यात आडवा रुततो, नांगरासारखा. मधली लीश ताणत जाते, ताणत जाते, आणि बोर्डची कड पाण्यातून सुटली की तो थेट तिच्या दुसऱ्या टोकाकडे येतो. ते टोक तुमच्या कमरेला असतं आणि तुमची पाठ बोर्डकडे असते. येताना तो दिसत नाही. यात लोकांची डोकी फुटलीत, जीवही गेलेत. गुंडाळी होणारी रीळवाली लीशही मिळते. तिचा ढिला दोर पायात येत नाही एवढंच. ओढ तुमच्याच दिशेने राहते.

माझ्या बाबतीत झालं ते असं. पहिल्या वर्षी शिकवणाऱ्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की लीश नाही. दुसऱ्या वर्षी मी एकटाच पाण्यात उतरणार होतो आणि मागच्या वर्षी दोनदा बोर्ड हातचा गेला होता, त्याची धास्ती मनात होती. कुणाची तरी जुनी लीश विकत घेतली आणि हार्नेसच्या मागच्या कडीत अडकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला, मी तोल जाऊन पुढे पडलो, काईट डावीकडे पाण्याला लागेल इतकी खाली आली आणि मी ओढला गेलो. कमरेला मागून ताण जाणवला. मग तो ताण एकदम नाहीसा झाला. 'बरं झालं, तुटली वाटतं' एवढा विचार पूर्ण व्हायच्या आत उजव्या कानामागे आदळलं. हेल्मेट होतं. किनाऱ्यावर येऊन काढलं तर मागच्या बाजूला बोटभर लांब तडा, आणि त्यात फिनच्या काळ्या प्लॅस्टिकची एक कपची अडकलेली. दोन दिवस मान वळत नव्हती. ते हेल्मेट मी टाकलेलं नाही. आई विचारते हे फुटकं कशाला ठेवलंय, तिला अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग सर्फिंगवाले सगळे पायाला लीश लावतात ते कसं? तिथे ओढणारी काईट नसते. माणूस आणि बोर्ड दोघंही लाटेच्या एकाच लोटात असतात, आणि मोकळा सुटलेला मोठा बोर्ड मागच्या पोहणाऱ्यावर जाऊ शकतो, म्हणून तिथे लीश योग्यच आहे. तरी तिथेही सुरुवातीच्या रबरी नळीच्या लीशने काय केलं ते ऐका: वेटसूटमुळे (थंड पाण्यात घालायच्या रबरी सूटमुळे) जगभर नाव झालेले कॅलिफोर्नियाचे जॅक ओ'नील यांचा डावा डोळा १९७१ साली अशाच परत उसळलेल्या बोर्डने गेला. नंतर कमी ताणणाऱ्या लीश आल्या. विंगफॉइलमध्येही, म्हणजे हातात पंखासारखं शीड (विंग) धरून बोर्डवर जायच्या खेळात, बोर्डला लीश लावतात, कारण हातातली विंग सोडली की तिची ओढ संपते आणि तरंगायला बोर्डच लागतो. काईटची ओढ बार सोडल्यावर कमी होते, पण काईट तुमच्या हार्नेसला अडकलेलीच राहते. म्हणून दुसऱ्या खेळातला नियम इकडे आणू नका.

आता मूळ काळजी: बोर्ड वाहून जाईल. खरं तर तो फार लांब जात नाही, तुम्हीच जाता. खळ्यावर उपणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस वाऱ्याबरोबर पुढे जातं ना, अगदी तसं. काईट धरलेला माणूस भुसासारखा पुढे जातो, बोर्ड मागे, जिथून वारा येतोय त्या बाजूला राहतो. त्यामुळे प्रश्न उरतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बोर्डपर्यंत परत कसं जायचं एवढाच, आणि त्याला उत्तर आहे. बॉडी ड्रॅग.

हे कौशल्य चांगल्या शाळेत बोर्ड हातात द्यायच्या आधी शिकवतात. पडल्यावर पहिल्यांदा काईट डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या काट्यावर आणायची आणि मागे वळून बोर्ड कुठे आहे ते बघायचं. बोर्ड पाण्याला टेकून असतो, छोट्या लाटांतही दिसेनासा होतो, म्हणून त्याच्या मागची किनाऱ्यावरची एखादी खूण पकडून ठेवायची: झाड, होडी, काहीही. मग काईट एका बाजूला अर्ध्यावर उतरवायची, घड्याळात दहा किंवा दोनच्या आसपास, आणि तिथेच स्थिर ठेवायची. एक हात बारच्या मध्यावर. दुसरा हात, ज्या बाजूने वारा येतोय तिकडे, पाण्यात सरळ ताणून धरायचा, तळवा उभा. अंग कुशीवर, पाय एकत्र, फळीसारखं ताठ. तो पाण्यातला हात आणि तुमची कूस मिळून होडीच्या कण्याचं काम करतात. अशाने तुम्ही सरळ बाजूला न जाता थोडं थोडं वाऱ्याच्या तोंडाकडे सरकता. तीस-चाळीस मीटर गेलं की काईट दुसऱ्या बाजूला, हात बदलायचा, पुन्हा तसंच. घाटातल्या वळणांनी चढल्यासारखं.

यात सगळे एक चूक करतात, मीही केली. बोर्ड सरळ बाजूला दिसला की त्याच्यावर झडप घालायला वळतात. वळताना काईट वरून जाते, त्यात दहा-पंधरा मीटर परत गमावले जातात आणि बोर्ड पुन्हा वरच्या बाजूला. बोर्डच्याही पुढे, वाऱ्याच्या तोंडाकडे जा, आणि मग त्याच्याकडे खाली उतरत या. हे माझ्या अंगात बसायला दोन पूर्ण दिवस लागले. तुमचा कोर्स कितीही दिवसांचा असो, शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की बॉडी ड्रॅगला एक तास जास्त द्या, बोर्डवर उभं राहणं एक दिवस उशिरा झालं तरी चालेल. आणि भाड्याचा बोर्ड मिळाला तर भडक रंगाचा मागा. माझ्या स्वतःच्या बोर्डला मी दोन्ही बाजूंनी नारंगी टेप लावलीय आणि वर फोन नंबर लिहिलाय.

रामेश्वरमला नवशिक्यांना बऱ्याचदा उथळ, सपाट पाण्यात शिकवतात. तिथे कमरेइतक्या पाण्यात काईट डोक्यावर ठेवून चालत बोर्ड आणता येतो. खोल पाण्यात असाल, दमला असाल, दोन-तीन वळणांत बोर्ड जवळ येत नसेल, तर सोडून द्या. काईटने किनाऱ्याकडे या. त्यासाठी वारा किनाऱ्याच्या समांतर किंवा किनाऱ्याकडे तिरका असला पाहिजे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात नवशिक्याने पाण्यात पायसुद्धा ठेवू नये. बोर्ड दुसरा मिळतो.

तुमच्या प्रश्नात अजून एक भीती मला दिसते, ती तुम्ही लिहिलेली नाही. विहिरीत शिकलेल्याला कमरेला काहीतरी बांधलेलं असलं की धीर येतो. मलाही वडिलांनी विहिरीतच शिकवलं, कमरेला सोल बांधून. मी गटांगळी खाल्ली की ते वर ओढायचे, हात मारायला लागलो की ढील द्यायचे. लीश हातात घेतली तेव्हा मला तीच सोल आठवली होती, हे आज कळतं. पण त्या सोलेच्या दुसऱ्या टोकाला वडील होते, ते बघत होते. समुद्रात तरंगायला तुमच्याकडे फ्लोटिंग जॅकेट असेल, आणि हवा भरलेली काईट स्वतःच एक मोठा तराफा आहे. दोऱ्या बारवर गुंडाळत काईटपर्यंत पोचायचं आणि तिला धरून किनाऱ्याला लागायचं, याला सेल्फ रेस्क्यू म्हणतात. तेही शिकवायला सांगा, आणि खोल पाण्यात एकदा प्रत्यक्ष करून बघा. दोऱ्या गुंडाळताना बोटाला किंवा मनगटाला वेढा बसू देऊ नका. संक्रांतीला मांज्याने बोट कापलेला माणूस हे लगेच समजेल.

हतनूरचं म्हणाल तर नको. तापी-पूर्णेचं पाणी साठून तिथे विस्तार मोठा दिसतो, म्हणून मोह होतो, मलाही झाला होता. पण आपल्याकडचा वारा जमिनीवरून, झाडांवरून, टेकड्यांवरून तुटत तुटत येतो. एक झोत जोराचा आणि पाठोपाठ काहीच नाही. पाण्याखाली बुडालेली झाडं-झुडपं, काठाला विजेच्या तारा, आणि अडकलात तर आणायला बोट नाही. हिवाळ्यात तिथे बाहेरून पक्षी उतरतात, त्यांच्या डोक्यावर काईट फिरवणं मला तरी पटत नाही. परवानगीचा प्रश्न वेगळाच.

त्यापेक्षा दोन-तीन चौरस मीटरची ट्रेनर काईट मिळवा आणि पडीक रानात उडवा, तारा आणि रस्त्यापासून लांब. काईट घड्याळाच्या कुठल्या काट्यावर आहे हे तिच्याकडे न बघता हाताच्या ओढीवरून ओळखता येईपर्यंत उडवत राहा. बॉडी ड्रॅगच्या वेळी डोळे बोर्ड शोधत असतात, तेव्हा हेच कामाला येतं.

लीशचे जे पैसे वाचतील ते हेल्मेटमध्ये घाला. पाण्यातल्या खेळांसाठीचंच घ्या, कान झाकणारं, मोटारसायकलचं चालणार नाही. भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा, त्या मापाचं घ्या. दुकानात पट्टा बांधून मान जोरात हलवून बघा. घरी आल्यावर तेच बादलीत भिजवून पुन्हा घालून बघा, कारण ओला झाल्यावर पट्टा सैल पडतो, आणि हनुवटीखाली दोनच्या वर बोटं जात असतील तर तो अजून आवळायला हवा.