पैसे ठिपक्यांना दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर ब्रेल वाचायच्या तीन यंत्रांची नावं सांगितलीस, त्यांच्या किमती सांगितल्यास, कोण किती सवलत देतंय तेही सांगितलंस. दिवसभरात तुला काय काय वाचायचं असतं, ते मात्र एकदाही बोलली नाहीस. म्हणून मी जरा तुटक बोललो. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र पुरतं वाच. तुझे वडील तासगावात बाग सांभाळतात. बेदाण्याची पट्टी हातात आल्यावर त्यातून त्यांनी हे पैसे बाजूला काढलेत. ते आठ दिवसांत कुणाच्या तरी जाहिरातीवर खर्च होणार, हे ऐकून मला गप्प बसवत नाही.

ब्रेल कशाला हवं, हे तुला पटवत बसणार नाही. तू मराठीची एम.ए. करतेस, पुढे कॉलेजात शिकवायचं म्हणतेस. वर्गात उभं राहून एकीकडे कानात टिपणं ऐकायची आणि दुसरीकडे बोलायचं, हे होत नाही. टिपण बोटाखालीच हवं. आणि आठवीपासून तू नुसती ऐकत आलीस, त्याचा परिणाम तुझ्या मेसेजमधल्या ऱ्हस्व-दीर्घात दिसतो. तो दोष तुझा नाही. आवाज वेलांटी दाखवत नाही, बोट दाखवतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: पैसे ठिपक्यांना दे, यंत्राच्या डोक्याला देऊ नको.

कारण समजून घे. ब्रेल डिस्प्ले म्हणजे फोन-लॅपटॉपवरचा मजकूर ठिपक्यांत उठवून दाखवणारं यंत्र. त्याच्या एका सेलमध्ये, म्हणजे एका ब्रेल अक्षराच्या जागेत, आठ ठिपके असतात. सहा आपले नेहमीचे, खालचे दोन कर्सर वगैरे दाखवायला. बहुतेक डिस्प्लेंमध्ये प्रत्येक ठिपक्यामागे सिरॅमिकची एक बारीक पट्टी असते. विजेचा दाब मिळाला की ती वाकते आणि पिन वर येते. ४० सेल म्हणजे अशा ३२० पट्ट्या, ३२० पिना. किंमत चढते ती इथे. या कारागिरीचे पैसे मोजायला मी कधी कुरकुरलो नाही. नोटटेकर म्हणून जे टिपणं घ्यायचं यंत्र विकतात, त्यात मात्र या सेलच्या जोडीला एक अख्खा संगणक बसवलेला असतो आणि त्याचेही पैसे तुलाच मोजायचे असतात. तो संगणक लवकर म्हातारा होतो. ब्रेलनोट टच हा नोटटेकर २०१६ साली बाजारात आला तेव्हा त्यात अँड्रॉइड ४.४ होतं, म्हणजे २०१३ सालचं. पुढच्या टच प्लसमध्ये ८.१ आलं. आज तुझ्या हातातल्या साध्या फोनमध्ये याच्या कितीतरी पुढचं अँड्रॉइड आहे, आणि तो फोन चार वर्षांनी बदललास तरी घर बुडत नाही.

वडिलांना समजावताना असं सांग: मोटर जळली तर आपण मोटर बदलतो, ठिबकच्या नळ्या उपटून टाकत नाही. नोटटेकरमध्ये मोटर आणि नळ्या एकातच ओतलेल्या असतात.

तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः नोटटेकरच वापरलात ना इतकी वर्षं? वापरला, आणि त्या वेळी तेच बरोबर होतं. तेव्हा माझा फोन बोलत नव्हता. आयफोनमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं २००९ साली, ब्रेल डिस्प्ले त्याला जोडता येऊ लागला तो त्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधी सोबत नेण्याजोगं, ब्रेलमध्ये वाचता-लिहिता येणारं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतंच. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, पुढे टेबलावर काम मागून घेतलं, ते त्याच यंत्राच्या जिवावर. पण त्याचा शेवट कसा झाला तेही ऐक. सेल शेवटपर्यंत ठणठणीत होते, एक ठिपका अडकला नव्हता. आतलं सॉफ्टवेअर मात्र थकलं. नव्या फाइली उघडेनात, मेल उतरेना. कंपनीचं उत्तर आलं, या मॉडेलचं काम आम्ही बंद केलंय. चांगले ३२ सेल आणि ते कशालाच जोडता येत नाहीत! ती चीड माझी अजून गेलेली नाही. म्हणूनच सांगतोय, पैसे ठिपक्यांना दे.

आता सेल किती, हा प्रश्न. इथे मराठीवाल्यांनी इंग्रजीवाल्यांचं ऐकू नये. इंग्रजीत संक्षिप्त ब्रेल आहे, शब्द आखडतात. आपलं भारती ब्रेल १९५१ साली ठरलं, त्यात आपण अक्षर न् अक्षर लिहितो. काना, वेलांटी प्रत्येकाला वेगळा सेल, जोडाक्षर आलं की आधी हलन्ताचा सेल. 'विद्यार्थी' घे. व, वेलांटी, हलन्त, द, य, काना, हलन्त, र, थ, वेलांटी: झाले दहा सेल. २० सेलच्या ओळीत हा शब्द आणि एक मोकळा सेल गेला की उरतात नऊ. पुढचा शब्द 'महाविद्यालय' असला तर तो मावत नाही, खालच्या ओळीत जातो, आणि एका शब्दासाठी बटण दाबावं लागतं. दोन-तीन शब्दांमागे एक बटण, असं तुला तीनशे पानांचं समीक्षेचं पुस्तक वाचायचंय. १४ सेलचा तर विचारच सोड, तो फोनवरचे मेसेज वाचायला ठीक. माझा कल स्वच्छ ४० कडे आहे.

४० परवडत नसेल तर? मग ऑर्बिट रीडर २० चा विचार कर, कमीपणा मानू नको. वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांनी एकत्र येऊन स्वस्त डिस्प्ले व्हावा म्हणून ते काम उभं केलं. त्याचे सेल त्या वाकणाऱ्या सिरॅमिक पट्ट्यांचे नाहीत. ठिपके बोटाखाली घट्ट उभे राहतात, ब्रेल टोचायच्या पाटी-स्टायलसवर शिकलेल्या बोटाला ते आवडतात. एसडी कार्डावर पुस्तकं घालून फोनशिवाय वाचता येतं. पण ओळ बदलताना ठिपके डावीकडून उजवीकडे सरकत उठतात, आवाज होतो, वेळ जातो. आणि प्रत्येक सेलच्या डोक्यावरचं कर्सर राउटिंगचं बटण त्यात नाही. वाचणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, लिहिणाऱ्याला पडतो. चुकलेल्या वेलांटीवर बोट आहे, वरचं बटण दाबलं की कर्सर तिथेच, पुसलं, दुरुस्त केलं. ते बटण नसेल तर एकेक अक्षर मागे चालत जायचं. तुला प्रबंधिका लिहायची आहे, हे विसरू नको.

या दुरुस्तीचं मला इतकं का वाटतं, ते सांगतो. बढतीची परीक्षा मी लेखनिक घेऊन दिली. मी सांगायचो, तो लिहायचा. मधेच म्हणाला, "सर, हे वाक्य लांब होतंय, मी थोडक्यात लिहितो." काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पेपर गेला. मुलगा वाईट नव्हता. पण आपलं वाक्य आपल्याला तपासता येत नाही, हे त्या दिवशी जितकं बोचलं तितकं दुसरं काही बोचलेलं नाही. तेव्हापासून मी हट्टी आहे, आणि या बाबतीत मला समजूतदार व्हायचंही नाही.

तुझा एक मुद्दा खरा आहे: वर्गात फोन-लॅपटॉप जोडत बसण्यापेक्षा एक यंत्र उघडलं की काम सुरू, हे सोयीचं. पण त्यासाठी नोटटेकर लागतो हे तुला कुणी सांगितलं? ब्रेलियंट बीआय ४०एक्ससारख्या डिस्प्लेमध्ये टिपणं लिहायची आणि पुस्तकं वाचायची सोय आतच असते. फोकस ४० मध्येही जुजबी लिहिता येतं, आणि ब्लूटूथवर तो पाच यंत्रं लक्षात ठेवतो. मँटिसला तर वर साधा टंकलेखनाचा कीबोर्ड आणि खाली ४० सेल. ही सोय वेगळी आणि अख्खा संगणक वेगळा. परीक्षेत काय चालेल ते विद्यापीठाला लेखी विचार, तोंडी उत्तरावर विसंबू नको.

आणि मराठी! कंपनीचा माणूस "मराठी सपोर्ट आहे" म्हणाला एवढ्यावर तू खूश झालीस. कशात आहे? वाचायला की लिहायलाही? या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मजकुराचं ब्रेल करणाऱ्या लिबलुईचं मराठीचं टेबल आहे, तिथे वाचन होतं. तुझ्या फोनवर काय होतं ते फोन जोडूनच कळेल. स्वतः एक पान तयार कर: ळ, ज्ञ, क्ष, रफार, चंद्रबिंदू, मधे दोन इंग्रजी शब्द, एक तारीख, एक अवतरण. ते पान ज्याच्यावर नीट वाचता येईल आणि ज्याच्या कळांवरून पुन्हा तसंच लिहिता येईल, तेच यंत्र. डिस्प्ले जोडण्यासाठी एचआयडी नावाचं समान प्रमाण २०१८ पासून आहे, ते पाळणारं यंत्र घेतलंस तर उद्या फोन-लॅपटॉप बदलताना त्रास कमी.

सेल बिघडला तर कुठे पाठवायचा, देशात की परदेशी, बॅटरी आपल्याला बदलता येते का, हे लिहून घे. आणि हात धुऊन वाचायची सवय आत्तापासून लाव. तेलकट बोट आणि धूळ यांनी पिना जाम होतात, आपल्याकडे हळदीचीही भर.

येत्या रविवारी सांगलीला ये, वडिलांनाही आण. स्टँडवर उतरलात की फोन कर. लॅपटॉपवर एनव्हीडीए घालून आण आणि ते पान पेनड्राइव्हवर. माझा ४० सेलचा डिस्प्ले तुझ्यापुढे ठेवतो, दुपारभर वाच. मग उजवीकडचे २० सेल कागदाने झाकून एका ओळीत किती मावतं ते बघ. तोवर आगाऊ रक्कम कुणालाही द्यायची नाही, कितीही सवलत सांगितली तरी.

तुझा,
काका