फ्रान्समधील बोर्दोला दोन दिवस असताना बिस्कारोसच्या सीप्लेन संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढावा का?

अवश्य काढावा. पिलाची वाळूची टेकडी पाहून दक्षिणेकडे उतरले की बिस्कारोस हे गाव येते; सीप्लेनचे, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांचे, संग्रहालय तेथे तळ्याच्या काठी आहे. "तिथे आहे काय, एक तळे" असा शेरा आपल्याला कोणीतरी ऐकवला आहे असे आपण लिहिले आहे. तोच शेरा मी आमच्या भावोजींकडून आठ वर्षे ऐकत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी तुलूझला नोकरीस असताना ताई आणि भावोजी आले होते. भावोजी स्थापत्य अभियंते. संग्रहालयाच्या दारातच त्यांनी निकाल दिला, "समुद्र दहा किलोमीटरवर असताना विमान तळ्यात उतरवणाऱ्याला शहाणे कसे म्हणायचे?" आणि ते बाहेर कॉफी पीत बसले. संध्याकाळी समुद्रावर गेलो, तेव्हा गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या भावोजींना एका लाटेने आडवे केले आणि त्यांचा चष्मा अटलांटिकला मिळाला. तळ्यात विमान का उतरवतात याचे उत्तर ती लाटच होती, पण ताईने डोळ्यांनी दटावल्यामुळे मी गप्प राहिलो.

सीप्लेनच्या पोटाखाली पायरीसारखी खाच असते. वेग वाढला की विमान तिच्यावर उचलले जाते आणि पाण्याची ओढ सुटते. खुल्या समुद्राच्या लाटांवर पोट आपटत राहिले, तर तो वेगच मिळत नाही. बिस्कारोसचे तळे वाळूच्या टेकड्या आणि पाइनच्या जंगलाच्या आडोशाला आहे, आणि महासागर लगेच पलीकडे. म्हणूनच फ्रेंच विमाननिर्माते लातेकोएर यांची विमाने तुलूझमध्ये सुट्या भागांत तयार होऊन रस्त्याने येथे येत आणि या काठावर जोडली जात.

"मग सीप्लेन बंद का पडले?" हा भावोजींचा दुसरा मुद्दा. सहा इंजिने आणि ५७ मीटर पंखविस्तार असलेले लातेकोएर ६३१ हे विमान १९४७ मध्ये येथून कॅरिबियनमधील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर प्रवासी नेऊ लागले; ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांपैकी एक अटलांटिकमध्ये कोसळून ५२ माणसे गेली आणि ती सेवा थांबली. परंतु खरे कारण असे, की महायुद्धात जगभर काँक्रीटच्या लांब धावपट्ट्या झाल्या आणि चाकांची विमाने स्वस्त व वेगवान ठरली. म्हणजे सीप्लेन संपवले ते भावोजींच्याच व्यवसायाने, तळ्याने नव्हे.

एक सांगायचे राहिले: ६३१ जातीचे एकही विमान आज शिल्लक नाही, त्यामुळे तो अजस्र सांगाडा पाहायला मिळेल या आशेने जाऊ नये. गाडी मात्र हवीच. सोबतच्या कोणाला विमानांत रस नसेल, तर त्यांना आधी बिस्कारोस-प्लाजच्या किनाऱ्यावर सोडावे आणि चष्मा काढून ठेवण्यास सांगावे.