चुकाऱ्यातले ४२,००० एकांताच्या किनाऱ्यासाठी काढावेत का?

प्रश्न: आम्ही घाटंजी तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. फेब्रुवारीत लग्नाला वीस वर्षं होतात, म्हणून सासूबाई आणि नववीतली मुलगी यांच्यासह अंदमानला जायचं ठरवलंय. त्यासाठी आरडीत १,१०,००० जमवले. एजंटने स्वराज द्वीपचे (हॅवलॉक) दोन दर दिलेत. बाजाराजवळच्या गजबजलेल्या किनाऱ्यावर राहायचं तर १,०६,०००, एकांतातल्या रिसॉर्टवर १,४८,०००. जेवण दोन्हींत वेगळं. भाचा म्हणतो, अंदमानातल्याच लाँग आयलंड या बेटावर जा, स्वस्तही आणि सुनसानही. आमच्या यांना शांतता हवी आहे. वरचे ४२,००० कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, घेऊ का? गावच्या सहकारी सोसायटीचं १,६०,००० पीककर्ज फेडायचं आहे.

ताई, सहल कराच. पै-पै जोडून हे पैसे तुम्ही याच कामासाठी बाजूला ठेवले आहेत, ते याच कामी लागावेत. चुकाऱ्याला मात्र हात लावू नका.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, की केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ही सवलत हातची जाते. १,६०,००० वर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ११,२०० होतं, आणि खातं थकलं की दर आणखी चढतो. म्हणजे तो एकांत तुम्हाला ४२,००० ला नाही, ५३,२०० ला पडेल. त्याहून मोठी अडचण जूनमधली. थकीत खात्यावर नवं पीककर्ज मिळत नाही, मग बियाण्या-खतासाठी कृषी केंद्राची उधारी किंवा सावकार. ‘पुढच्या वेचणीत भरून काढू’ असं ठरवून हा खड्डा बुजत नाही. तुमचं रान कोरडवाहू आहे, पुढचा पाऊस कसा पडेल हे कुणाच्याच हातात नाही.

आता किनाऱ्यांचं बघू, कारण महाग किनारा चांगलाच असेल असं नाही. स्वराज द्वीपचे विजयनगर, गोविंदनगर हे किनारे पूर्वेला आहेत. तिथे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडक, मेलेली प्रवाळं उघडी पडतात. खोलीच्या दारात समुद्र म्हणून जादा भाडं द्यायचं आणि दिवसाचे कित्येक तास त्यात पाय बुडवता यायचे नाहीत, असं होऊ शकतं. रिसॉर्टचा ‘स्वतःचा किनारा’ या शब्दांवरही जाऊ नका. भरतीच्या रेषेखालची वाळू सरकारी असते, तिथे कुणीही फिरू शकतं. एकांतातल्या रिसॉर्टवर चहा-जेवण त्यांच्याच दराने घ्यावं लागतं, बाहेर पडायचं तर प्रत्येक वेळी गाडी सांगावी लागते. चार माणसांचं दोन वेळचं जेवण धरा, म्हणजे १,४८,००० हाही शेवटचा आकडा नाही हे दिसेल.

गर्दीच्या किनाऱ्याची एक बाजू लोक मोजत नाहीत. स्वराज द्वीपच्या पश्चिमेच्या राधानगर किनाऱ्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. त्यासाठी जीवरक्षक, स्वच्छतागृह, कपडे बदलायची सोय असावी लागते. सासूबाईंना वेळेला स्वच्छतागृह लागणार, मुलगी पहिल्यांदाच समुद्रात उतरणार. आपल्याकडे तलावात पोहणारी मुलंही लाटेच्या ओढीला सरावलेली नसतात. निर्जन किनाऱ्यावर काही झालं तर हाक मारायला माणूस नसतो. काही ठिकाणी मगरीचे इशारे देणारे फलकही आहेत, ते मनावर घ्या.

लाँग आयलंडला पैसे कमी लागतात हे भाच्याचं बरोबर आहे. पण तिथे दिवस जास्त लागतात. सरकारी बोटीने जा, नाहीतर रस्त्याने रंगत या गावापर्यंत जाऊन तिथून बोट धरा. नावाजलेला लालाजी बे हा किनारा तर गावापासूनही लांब आहे, जंगलातून चालत किंवा पुन्हा बोटीने. सासूबाईंसोबत हे झेपायचं नाही. शिवाय हवा बिघडली की बोट रद्द होते. परतीचं विमान चुकलं तर चार नवी तिकिटं ऐनवेळच्या भावाने काढावी लागतील, आणि सगळी बचत तिथेच संपेल. मुलगी मोठी झाल्यावर, हातात दोन-तीन मोकळे दिवस असतील तेव्हा तुम्ही दोघं जरूर जा.

तुमच्या यांना शांतता हवी आहे ना, ती स्वराज द्वीपवरच सकाळी मिळते. राधानगरला गर्दी होते ती सूर्यास्ताला. अंदमान पूर्वेला असल्याने फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो आणि दुपारपासूनच गाड्या येऊ लागतात. तुम्ही सकाळी लवकर निघा. पूर्वेचा कालापत्थर सूर्योदयासाठी, दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगर, आणि तिथेही प्रवेशापासून थोडं चालत गेलात की माणसं विरळ होतात. शेतकऱ्याला पहाटे उठायची सवय असतेच. ज्या शांततेचे ४२,००० मागितले जात आहेत, ती अशी रिक्षाच्या भाड्यात मिळेल. राधानगरला सरकारी बसही जाते.

पण १,०६,००० चा दरही मला आहे तसा पटत नाही. हातात फक्त ४,००० उरतात, त्यात चौघांचं जेवण भागणार नाही. एजंटला सांगा, शहीद द्वीप (नील) वगळा. एक मुक्काम आणि चौघांची बोटीची तिकिटं वाचतील. वर्ध्याहून चेन्नईला आणि हावड्याला थेट रेल्वे आहे, तेव्हा नागपूरहून विमान घेण्याऐवजी तिथपर्यंत रेल्वेने जायचा हिशेब मागा. पाण्यातल्या खेळांचं एकत्र पॅकेज नको. मुलीला एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग (मुखवटा आणि श्वासनळी लावून पाण्याखाली बघणं) करू द्या, तेवढं तिच्या आनंदासाठी पुरेसं आहे. माझं म्हणणं, दर ९० हजारांच्या आत आणा आणि २०,००० जेवणाखाण्याला नि अडीअडचणीला ठेवा. थोडे रोख न्या, लहान बेटांवर एटीएम मोजकीच असतात.

आगाऊ रक्कम देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. एजंटकडून हॉटेल नेमकं कोणत्या किनाऱ्यावर आहे आणि बोट रद्द झाली तर पैसे किती परत मिळतील ते. आणि सोसायटीच्या गटसचिवांकडून कर्ज फेडीची शेवटची तारीख. चुकारा सहलीआधी हाती आला, तर निघण्यापूर्वीच सोसायटीत भरून पावती घ्या.