हेरोदाचा शिपाई

प्रश्न : आमचा धाकटा पाचवीत आहे. चर्चच्या नाताळच्या नाटकात त्याला हेरोद राजाच्या शिपायाचं काम मिळालंय. मेंढपाळ व्हायचं होतं म्हणून दोन दिवस रुसून बसलाय. मलाही वाटतं, शांतीच्या गोष्टीत हत्यारं कशाला?
— एक आई, मेकोसाबाग, नागपूर

उत्तर : ताई, मी कामठीहून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मला ही गोष्ट जरा वेगळी दिसते. हत्यारं नाटकवाल्यांनी घुसवलेली नाहीत. बायबलातला लूक येशूच्या जन्माची गोष्ट सुरूच करतो रोमचा बादशहा कैसर औगुस्त याच्या हुकमाने : नावनिशी करा. नावनिशी करवसुलीसाठी, आणि कर कोणी नाकारला की पुढे पलटण. (सालांचा घोळ आहे. हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये, आणि लूक सांगतो ती रोमन अधिकारी क्विरीनियाची नावनिशी इ.स. ६ ची. त्यात मी पडत नाही.)

येशू जन्मला त्या बेथलेहेमपासून पाचेक किलोमीटरवर हेरोदाचा डोंगरी किल्ला होता, हेरोदियम. सीताबर्डीच्या किल्ल्याखालून रोज भाजी आणायला जाणाऱ्याला वर पहारा आहे हे ठाऊक असतं ना, तसं त्या गावाला असणार.

बाळाला पाहायला आलेले पूर्वेचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, हेरोदाला चुकवून दुसऱ्या वाटेने परत गेले. प्रवचनात यावर पुष्कळ ऐकलंय. आमच्याकडे रंगरूटालाही शिकवतात की गस्त गेली त्या वाटेने परतत नाही. आणि मरियेचा नवरा योसेफ! हेरोद बाळाला मारायला बघतोय असं स्वप्न पडलं तसा रात्रीच उठला आणि लेकराला, आईला घेऊन मिसरची, म्हणजे इजिप्तची, वाट धरली. हेरोदाचं यरुशलेम ते बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर, सदर ते कामठीपेक्षा कमी. पाठीवर बोजा असला तरी शिपाई दोन तासांत दारात उभा. सकाळी निघू म्हणाला असता, तर संपलं होतं.

आता तुमच्या पोट्ट्याला हवे असलेले मेंढपाळ. ते रात्रीचा पहारा करत होते, म्हणजे आमच्या भाषेत संतरी. (नागपुरात संतरी म्हटलं की लोकांना फळच आठवतं.) एका पंचवीस डिसेंबरला पहाटे दोन ते चार माझी ड्युटी होती. मगातला चहा दोन घोटांत गार, आणि पानं वाजली तरी तोंडून ‘थम, कौन आता है?’ निघायचं. म्हणून देवदूत आधी ‘भिऊ नका’ म्हणतो, ते मला फार खरं वाटतं. लगेच त्याच्याजवळ कोण दिसतं? मराठी बायबलात शब्दच आहे, सैन्य. मूळ ग्रीकमध्येही ‘स्त्रातिया’, फौजच. ही फौज आली, पृथ्वीवर शांती म्हणून गायली आणि निघून गेली. ठाणं बसवलं नाही, रसद मागितली नाही. अशी फौज मी पाहिलेली नाही.

राहिला शिपाई. बेथलेहेमातली दोन वर्षांपर्यंतची पोरं मारायचा हुकूम त्याला होता. बायबलात ही गोष्ट सांगणारा मत्तय त्याचं नाव सांगत नाही, चेहराही नाही. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये न मानणं गुन्हा ठरतो तो ‘कायदेशीर’ हुकूम. हेरोदाच्या शिपायाला असं कलम नव्हतं. मुलाला सांगा, हुकूम ऐकल्यावर लगेच आरडाओरडा करत धावू नकोस. क्षणभर तसाच उभा राहा, भाला हातात, नजर खाली. त्या नाटकात एवढं अवघड काम दुसऱ्या कोणाला नाही.

आणि तलवार पत्र्याची असेल तर टोक दुमडून घ्या. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत एका मेंढपाळाचा कान सोलला होता.