आईचे दात चाललेत आणि ती विसरायलाही लागलीय. दोन्हींचा संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 71, वर्षभरात चार दात काढावे लागले, हिरड्यांतून रक्त येतं आणि आता ती गॅस बंद करायला, गोळ्या घ्यायला विसरते. दात नीट करून घेतले तर विसरणं थांबेल का, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही जी. नागपुरात डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो, 22 वर्षं झाली. पण माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता, म्हणून यावर जरा जास्तच वाचून झालंय.

संबंध आहे. 2021 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 14 अभ्यास एकत्र तपासले, त्यात सुमारे 34 हजार माणसं होती. जितके दात जास्त गेलेले, तितका स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त. गेलेल्या एकेका दातामागे साधारण 1.1 टक्का. ज्यांनी कवळी बसवली होती त्यांच्यात मात्र हा फरक ठळक उरला नाही. पोट ज्यावर चालतं त्याचं कौतुक वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्याला कवळी परवडते त्याला बाकीचे उपचार आणि बरं खाणंपिणंही परवडतं, हे त्यात धरायला हवं.

कारणं दोन-तीन सांगतात. हिरड्या सुजून पू राहिला की शरीरात सतत बारीक दाह चालू राहतो. दात नसले की माणूस भाकरी, कोशिंबीर, दाणे सोडतो आणि मऊ भात, चहात बुडवलेल्या बिस्किटावर येतो. आणि हिरड्यांच्या आजारातला एक जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, त्याच्या खुणा अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचं 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा फार गाजावाजा झाला. मग त्या जंतूचं विष अडवणारं औषध सहाशेवर रुग्णांना देऊन पाहिलं. 2021 मध्ये निकाल आला: विसरण्याचा वेग एकंदरीत कमी झाला नाही. म्हणून "हिरड्या साफ करा, अल्झायमर टळेल" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर आला की पुढे ढकलू नका.

उलटी बाजू कोणी फारशी बोलत नाही. विसरणारं माणूस दात घासायलाही विसरतं. मेंदूतला बिघाड हळूहळू, लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू असतो. म्हणजे दात गेले म्हणून डोकं गेलं, की डोकं आतून थकत होतं म्हणून दातांकडे दुर्लक्ष झालं, हे एका माणसाकडे बघून ठरवता येत नाही.

आमच्या घरी तेच झालं. आईची कवळी मीच केली होती. ती रोज रात्री ब्रशनं घासून वाटीत पाण्यात ठेवायची, टापटिपीची बाई. एकदा क्लिप सैल झाली म्हणून हातात घेतली, तर खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या अंगाला पिवळं, टणक किटण चढलेलं. नखानं निघेना. असं किटण महिनोन्‌महिन्यांचं असतं, हे मला दुसऱ्या कोणाची कवळी असती तर एका नजरेत कळलं असतं. आईच्या बाबतीत मी "वय झालं" म्हणून पॉलिश करून परत दिली. पुढं चार महिन्यांनी कवळी तांदळाच्या डब्यात सापडली, तेव्हा डोळे उघडले. नंतरच्या कवळीत मी तिचं नाव पातळ कागदावर लिहून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली दाबलं. कधी दवाखान्यात ठेवावं लागलं तर दुसऱ्याच्या कवळीशी अदलाबदल होत नाही.

तुमच्यासाठी आधी एक काम: विसरण्याची तपासणी वेगळी करा, दाताच्या डॉक्टरवर सोडू नका. बी-12, थायरॉइड, ऐकू येतं की नाही, चालू गोळ्या कोणत्या, हे सगळं फिजिशियनला बघू द्या. यातलं काही सापडलं तर उपचार आहे. लघवीच्या तक्रारीवरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि गोंधळही वाढतो. त्यात आपला मे महिना आणि म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. मिसरी लावत असेल किंवा तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असेल तर तेही डॉक्टरला सांगा, लाजू नका.

दातांचं काम मात्र आत्ताच करून घ्या, आईला समजतंय तोवर. खर्च जड जात असेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. नवी कवळी जिभेनं, गालानं सांभाळायला शिकावं लागतं, आणि आजार वाढल्यावर ते शिकणं जमत नाही. आमच्याकडे तशा कवळ्या परत येतात, "आजी घालतच नाहीत" म्हणून. जुनी वापरातली कवळी असेल तर तिचीच नक्कल करून घेणं बरं, तोंडाला ओळखीची वाटते. पुढं आई दुखतंय म्हणून सांगणारही नाही. जेवण ढकलेल, गालावर हात ठेवून बसेल, तेव्हा तोंड उघडून बघायचं.

आणि "सगळेच काढून टाकू, एकदाच सेट बसवू" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. घट्ट असलेले दोन-चार दातसुद्धा कवळीला किती आधार देतात, ते मी रोज टेबलावर बघतो.