दोन वर्षांच्या बाकासाठी

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं, सोबतची एक्सेल शीटही पाहिली. कंपनीने तीन वर्षांसाठी लंडनला बदली केलीये, येत्या ऑगस्टमध्ये कोथरूडचं घर बंद करून तिघं निघताय. मुलगा नोव्हेंबर २०१५ चा, सीबीएसईची पाचवी नुकतीच संपवलेला. तुम्हाला त्याच्यासाठी ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणारी माध्यमिक शाळा, हवंय. म्हणून डिसेंबरपासून लंडनमधल्या एका शिक्षकाची ऑनलाइन शिकवणी लावलीत, आणि आता विचारताय की यादीतल्या चाळीस शाळांपैकी कुठल्या धरायच्या.

शाळांकडे येते. आधी तो फोटो.

‘प्रगतीचा अंदाज यावा म्हणून’ तुम्ही त्याच्या एका सराव पेपरचा फोटो जोडलाय. ८० पैकी ७१. वर लाल पेनाने, बहुधा तुमच्याच अक्षरात, लिहिलंय: ‘९ कुठे गेले?’ फोटो मोठा करून पाहिला तर उजव्या समासात पेन्सिलीने काढलेली एक बस दिसली. खोडलीये, पण घाईत. पाटीवरचं ‘कोथरूड डेपो’ अजून वाचता येतं. मागच्या दारात लोंबकळणारा एक माणूससुद्धा आहे. तुमच्या दोन पानी पत्रात शिकवणीची फी आहे, शाळांचे निकाल आहेत, पौंडाचा भाव आहे. त्या मुलाला बस आवडते, हे मला समासातून कळलं. तो काय खेळतो, त्याला जायचंय का, त्याच्या आईचं म्हणणं काय, यातलं पत्रात काहीच नाही. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ आहे: ‘रात्री झोपेत दात खातो, थोडा चिडचिडाही झालाय, पण सप्टेंबरपर्यंत रेटून नेऊ.’

अहो, काय रेटून नेणार? शिकवणी रात्री नऊ ते अकरा, कारण शिक्षकाची तेव्हा दुपार असते. सकाळी पावणेसातला शाळेची बस. झोप किती होते, ते तुम्हीच मोजा. दात खाण्याची कारणं डॉक्टर सांगतील, त्यांना जरूर दाखवा. पण दहा वर्षांच्या मुलाने एकाहत्तर बरोबर सोडवल्यावर त्याला नऊचा जाब विचारायचा, याला मी अभ्यास म्हणत नाही. पंचवीस वर्षं पालकांना शाळांबद्दल सल्ला देण्याचं काम करतेय. नव्वद टक्क्यांची मुलं घेऊन येणारे पालक मला मार्कांनी कधी घाबरवत नाहीत. ‘रेटून नेऊ’ म्हणणारे घाबरवतात. शिकवणी या आठवड्यात बंद करा. कमी करा म्हणत नाहीये, बंद करा.

आता हिशेब, कारण हिशेब तुम्हाला आवडतो असं शीटवरून दिसतं.

इंग्लंडमध्ये वर्ग जन्मतारखेवरून ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं वर्ष धरून. तुमचा मुलगा या सप्टेंबरला इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात बसेल. (‘एक वर्ष मागे बसवलं तर पुढे पहिला येईल का,’ असंही तुम्ही विचारलंय. तिथे असं सहसा होऊ देत नाहीत, आणि देत असते तरी मी बसवा म्हटलं नसतं.) माध्यमिक शाळा, म्हणजे इयर सेव्हन, सप्टेंबर २०२७ ला सुरू होईल. ग्रामरची इलेव्हन प्लस नावाची प्रवेशपरीक्षा असते ती त्याच्या आदल्या सप्टेंबरात. म्हणजे विमानातून उतरल्यावर जेमतेम महिन्याभरात. बॅगा उघडलेल्या नसतील, आणि पोरगं हजारो मुलांबरोबर हॉलमध्ये पेपर सोडवत असेल. समजा, मिळाली जागा. तुमचा करार संपतो २०२९ च्या उन्हाळ्यात. तेव्हा तो इयर एट संपवत असेल. दोन वर्षं! ज्या शाळेत तो दोनच वर्षं बसणार, तिच्यासाठी त्याच्या रात्री चालल्या आहेत. ही बेरीज तुमच्या नऊ कॉलमांच्या शीटमध्ये एकाही कॉलममध्ये नाही.

शीटमध्ये एक कॉलम आहे, ‘सरकारी: नको’. यावर जरा थांबते, कारण हा गैरसमज पुण्याहून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असतो. आपल्याकडे सरकारी शाळा म्हटलं की परवडत नाही त्यांची शाळा, असं आपण (आणि यात मीही आले) मनात धरून बसलेलो असतो. तोच चष्मा घालून लंडनकडे पाहिलं की सगळं उलटं दिसतं. इंग्लंडमधली साधारण ९३ टक्के मुलं सरकारी पैशावर चालणाऱ्या, बिनफीच्या शाळांत जातात. बँकेतल्या साहेबाचीही आणि बसड्रायव्हरचीही. तुम्ही ज्या ग्रामर स्कूलच्या मागे लागलाय, तेही सरकारी शाळाच आहे, फक्त परीक्षा घेऊन मुलं निवडणारं. तुमच्याच नियमाने ती सगळी नावं खोडावी लागतील. उलट तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात ते ईटन, हॅरोसारख्या जबर फीच्या खाजगी शाळांना. जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅटही लागतो. एकेकाळी लंडनच्या सरकारी शाळांची अवस्था खरंच वाईट होती. २००३ मध्ये ‘लंडन चॅलेंज’ नावाची मोहीम सुरू झाली, कमकुवत शाळांना चांगल्या मुख्याध्यापकांशी जोडलं गेलं. शाळा सुधारल्या त्या एवढ्या एकाच कारणाने असं कुणी म्हणणार नाही, पण आज लंडनचे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेचे निकाल देशाच्या सरासरीच्या वर असतात. आणि ग्रामर स्कूलं अख्ख्या लंडनमध्ये एकोणीस, तीही लंडनच्या बत्तीस बरोंपैकी (बरो म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेला शहराचा विभाग) सातांमध्येच. त्यातल्या काही फक्त मुलींच्या. तुमच्या यादीत अशा दोन आहेत, त्या तेवढ्या काढून टाका.

‘आउटस्टँडिंग’ हा कॉलमही जुना झाला. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेने शाळेला ‘आउटस्टँडिंग’सारखा एका शब्दात शेरा देणं सप्टेंबर २०२४ मध्ये थांबवलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळा शेरा असलेलं नवं प्रगतिपुस्तक आलंय. म्हणजे त्या देशाने शाळासुद्धा एका शब्दावर मोजणं सोडलं.

तिथे आधी शाळा आणि मग घर असं चालत नाही. आधी पत्ता. इयर सिक्ससाठी तुमचा अर्ज वर्षाच्या मधला, म्हणजे नेहमीच्या प्रवेशफेरीबाहेरचा, धरला जाईल. राहायला गेल्यावर तिथल्या बरो कौन्सिलकडे चौकशी करा, काही ठिकाणी थेट शाळेकडेच अर्ज करावा लागतो. जागा मिळते. सगळ्यात जवळच्या शाळेतच मिळेल याची खात्री नसते. ओळख, देणगी, आधी येईल त्याला आधी, यातलं काही चालत नाही. प्रतीक्षायादीसुद्धा शाळेच्या निकषांवर लागते, त्यामुळे तुमच्या नंतर आलेलं मूल तुमच्या वर जाऊ शकतं. चिडू नका. माध्यमिकचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत कौन्सिलकडे भरायचा, लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात. तुम्ही कुठली कितव्या नंबरवर लिहिलीत हे शाळांना कळत नाही, तेव्हा डावपेच नकोत. खरोखर आवडलेली वर लिहा आणि घराजवळची एक तरी नक्की घाला. १ मार्चला कळतं. बहुतेक साध्या शाळांत निर्णायक ठरतं ते घरापासूनचं अंतर. मागच्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरून घेतलं, हे कौन्सिल छापतं. भाड्याचं घर बघायला जाताना तो कागद खिशात ठेवा. हा एक कागद तुमच्या चाळीस ओळींपेक्षा जास्त कामाचा आहे.

खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: परत येणार आहात का?

पत्रात एका जागी ‘तीन वर्षांनी पुण्यात’ आहे, आणि दुसऱ्या जागी ‘पुढे तिथेच इंजिनिअरिंग’. दोन्ही एकदम होणार नाही. कंपनी-बदलीच्या ज्या व्हिसावर तुम्ही जाताय, तो कायम वास्तव्याकडे नेत नाही. आणि इंग्लंडमध्ये विद्यापीठाची स्थानिक फी लागू व्हायला नुसतं राहून टॅक्स भरलेला चालत नाही, कायम वास्तव्याचा दर्जा लागतो. नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची फी. तेव्हा राहायचं असेल तर आधी तुमच्या नोकरीचा आणि व्हिसाचा विचार करा, मुलाच्या शाळेचा नंतर.

परत यायचं असेल, आणि पत्र वाचून मला तसंच वाटतं, तर तयारी वेगळी. जुलै २०२९ मध्ये तो परतेल तेव्हा इथे नववी सुरू होऊन गेलेली असेल, आणि सीबीएसईची बोर्डासाठीची नोंदणी नववीतच होते. त्यामुळे शेवटचे दोन-तीन महिने आई आणि मुलगा आधी येतील का, हे आत्ताच घरात बोलून ठेवा. महाराष्ट्रातल्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. तीन वर्षांत तो बोलायला विसरणार नाही, लिहायला विसरेल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गणपतीला जालच. पण लिहिणं घरीच करावं लागेल. आजीला महिन्याला एक पत्र, हाताने, पोस्टाने. रोज ‘शुद्धलेखनाच्या पाच ओळी’ नकोत, कृपा करून. पुढे वैद्यकीयकडे जायचं झालं तर राज्याच्या कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. त्याला अजून वेळ आहे, पण नववीला परतलात तर तो दरवाजाही उघडा राहतो.

मे महिन्यात इयर सिक्सची सॅट्स नावाची परीक्षा होईल. माध्यमिकची जागा त्याआधीच, मार्चमध्ये ठरलेली असते, तेव्हा तिच्यासाठी शिकवणी शोधू नका. शाळेत दुपारचं जेवण मिळेल. महापौरांच्या योजनेतून सप्टेंबर २०२३ पासून लंडनच्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत ते फुकट आहे. गणितात तो बहुतेक वर्गाच्या पुढे असेल. पण ‘तुला काय वाटतं ते लिही’ म्हटल्यावर सुरुवातीला अडेल. त्यासाठी रात्री नऊचा शिक्षक नको, संध्याकाळी सहाला मैदान आणि थोड्या गप्पा हव्यात.

एक काम मात्र लगेच करा. लंडनमध्ये मुलांसाठी फोटो लावलेलं झिप ऑयस्टर कार्ड मिळतं, त्यावर सोळा वर्षांखालच्या मुलांना बसप्रवास फुकट असतो. अकराव्या वर्षी माध्यमिकला गेलेली कित्येक मुलं तिथे एकटीच बसने शाळेत जातात. बसच्या मार्गांचे नकाशे ऑनलाइन मिळतात. शिकवणीच्या जागी एका रात्री त्याला तो नकाशा उघडून द्या, आणि घर शोधताना कुठल्या स्टॉपजवळ बघायचं ते त्याला विचारा.