लसूण-निंबोळीच्या अर्काने टोमॅटोवरचा जिवाणूजन्य रोग आटोक्यात येतो का? (जामनेर भागातला प्लॉट, पानांवर काळे ठिपके, काही झाडं हिरवी असतानाच मान टाकतात)

ठिपक्यांचा प्रसार अर्काने काहीसा मंदावतो, पण मान टाकलेली झाडं कुठल्याही अर्काने उठत नाहीत. ठेचलेल्या लसणातलं अॅलिसिन जिवाणूंना मारतं, हे प्रयोगशाळेत पक्कं सिद्ध आहे. शेतात मात्र ते लवकर उडून जातं आणि पाऊस उरलेलं धुऊन नेतो. म्हणून फवारणी ठिपके दिसायच्या आधीपासून, ताज्या अर्काची, संध्याकाळी आणि पावसानंतर पुन्हा. निंबोळी अर्क (5 किलो निंबोळी पावडर, 100 लिटर पाणी, रात्रभर भिजवून गाळलेला) मुख्यतः किडींवरचा आहे, जिवाणूंवर त्याची फार भिस्त ठेवू नका.

झाडं हिरवी असतानाच मान टाकतात ती बहुधा मर रोगाने. त्याचा जिवाणू मातीतून मुळांत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्याच तुंबवतो, तिथे पानावरची फवारणी पोचणार कशी? खात्री करायची तर बुंध्याचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले, तर जिवाणूजन्य मरच. मग:

- झाड मुळासकट उपटून शेताबाहेर न्या, बांधावर टाकू नका
- पाट पाण्याऐवजी ठिबक
- पुढची दोन-तीन वर्षं त्या वावरात ज्वारी किंवा मका. मिरची नको आणि भरताची वांगीही नकोत, दोन्ही त्याच रोगाला बळी पडतात

ठिपके वाढतच राहिले, तर अर्कावर अडून न बसता ताम्रयुक्त (तांबं असलेलं) औषध लेबलवरच्या मात्रेत घ्या.